बाई, सेव्ह केलं नसेल

वायरी ओढायचं काम त्याने केव्हाच सोडलं होतं, पण वाचनालयात त्याला सगळे अजून वायरमनच म्हणत. संगणकाची बारा जुनी यंत्रं त्याने तिथं पुन्हा कामाला लावली होती. एकातही काही साठवून ठेवायला हार्डडिस्क नाही. बटण दाबलं की आतल्या खोलीतल्या सर्व्हरवरून यंत्र चालवणारं लिनक्स यायचं. आधी प्रोग्रॅमही सर्व्हरवरच चालत, आणि बाराजण एकदम बसले की बिचाऱ्याला धाप लागे. म्हणून वायरमनने ज्याचे प्रोग्रॅम त्याच्याच यंत्रात चालतील अशी सोय केली. फायली तेवढ्या सर्व्हरवर जपायच्या. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

आणि नोंदणीच्या बाईंचं काम हरवू लागलं.

बाई तीस वर्षं तिथं पुस्तकांच्या नोंदी करत होत्या. रोज नवी फाईल, दिवसभराची पुस्तकं, संध्याकाळी यंत्र बंद. कधीकधी सकाळी फाईलच नसे.

"बाई, सेव्ह केलं नसेल," वायरमन म्हणाला. उठून बघितलंही नाही.

"केलं रे बाबा. चांगलं आठवतंय मला."

"आठवतंय असं वाटतं. वय झालं की होतं."

दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. शिपाई म्हणाला, "बाई, बदाम खात जा." सगळे हसले, वायरमनही हसला. बाईंचा मुलगा न्यायला आला तेव्हा "जरा लक्ष ठेवा त्यांच्याकडे" असं वायरमन ग्रंथपालांसमोरच भल्या मनाने त्याला सांगूनही बसला.

मग बाईंनी वही ठेवली. कुठल्या यंत्रावर बसले, किती वाजता सेव्ह केलं, सगळं टिपलेलं. महिन्याभराने ती वही त्यांनी वायरमनपुढे ठेवली. हरवलेली प्रत्येक फाईल खिडकीजवळच्या यंत्रावरची होती. उजेड बरा म्हणून जागा मिळाली की बाई तिथं बसत. बाकीचे तिथं नुसती वर्तमानपत्रं चाळत, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं काही गेलं नव्हतं.

वायरमनने सर्व्हरवर त्या यंत्राची सेटिंग उघडली. ते यंत्र ऐन उद्घाटनाच्या सकाळी बदललेलं, सेटिंग घाईघाईत हाताने लिहिलेली. फायली सर्व्हरवर ठेवायची ओळच राहून गेली होती. बाई सेव्ह करत ते त्या यंत्राच्या मेमरीत, आणि यंत्र बंद झालं की सगळं पुसलं जाई. ओळ घालायला दोन मिनिटं लागली.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. आता नाही होणार."

तीन आठवडे काही हरवलं नाही. मिटलं एकदाचं, असं तो स्वतःला बजावत राहिला. पण जेवताना घास तोंडात फिरायचा. सकाळी देवापुढे हात जोडायचा, पण मान वर होत नसे. चूक झाकून ठेव, असं देवाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

एका दुपारी बाई त्याच्या टेबलाशी आल्या. "राजीनाम्याचा अर्ज दिला रे मी. महिनाअखेरीस काम थांबवते."

"का?"

"आईचं माझ्या असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू, मग माणसं. शेवटी मलाच विचारायची, तुम्ही कुणाकडच्या? मुलाने डॉक्टरांची वेळ घेतलीय. तू मात्र फार सांभाळून घेतलंस हो. एकदाही वैतागला नाहीस."

बाईंनी कानाखाली वाजवली असती तरी याहून बरं वाटलं असतं.

"बाई, तुम्ही सेव्ह करत होता. चूक माझी होती," तो म्हणाला, आणि त्या राहिलेल्या ओळीचं सगळं सांगितलं.

"कधी कळलं तुला?"

"वही दाखवलीत त्याच दिवशी."

बाई खुर्चीवर बसल्या. "तीन आठवडे! चष्मा कुठं ठेवला तेसुद्धा लिहून ठेवत होते मी."

"माफ करा, बाई..."

"मला नको सांगूस. ज्यांना ज्यांना सांगितलंस ना, त्यांना सांग."

ग्रंथपालांना त्याने भर वाचन-दालनात सांगितलं. शिपाई मान खाली घालून टेबल पुसत राहिला. मग बाईंनी मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो त्याच्यापुढे सरकवला. त्याने मुलाला सगळं पहिल्यापासून सांगितलं, स्वतःला कुठंही वाचवलं नाही.

मग मुलाने विचारलं, "आणि परवा तिने गॅस चालू ठेवला, ते?"

आपण घातलेल्या धास्तीने गॅस राहिला, की बाई खरंच विसरल्या? ते आता कुणाला कळणार, आणि कसं? वायरमनने बाईंकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्याला म्हणावं," बाई फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाल्या, "डॉक्टरांकडे येईन मी. पण अर्ज आज मागे घेतेय."