उजवीकडून उघडणारी वही

“कोन बे हा शहाणा? माह्या चाळीस लेकरांच्या वह्या कोणी रक्तबंबाळ केल्या?”

शिक्षकखोलीच्या दारात अरबी शिकवणारे उस्ताद उभे होते, दोन्ही काखांत वह्या. आवाज असा, की नांदुरा स्टेशनात थांबलेली मालगाडी शिट्टी झाली समजून निघून जावी. मी थोडं वाढवून सांगतोय. पण तुम्ही तो आवाज ऐकला असता तर तुम्हीही वाढवलंच असतं.

शहाणा मीच होतो. उस्ताद आठवडाभर रजेवर गेले, तेव्हा त्या उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागून मला चारच दिवस झाले होते. मुख्याध्यापकांनी नववीच्या अरबी निबंधाच्या वह्या माझ्यापुढे टाकल्या. म्हणाले, “गृहपाठ केला की नाही, एवढंच बघा.” मी बघितलं. आयुष्यभर उघडत आलो तशी डावीकडून वही उघडली. कोरी! दुसरी उघडली. तीही कोरी! माझ्यातला मास्तर असा काही चेकाळला की चाळीसच्या चाळीस वह्यांवर लाल शाईनं लिहून टाकलं, ‘गृहपाठ शून्य. पालकांची सही आणावी.’

उस्तादांनी एक वही माझ्यापुढे ठेवली आणि उजवीकडून उघडली. आत पाच ओळी, मुंग्या शिस्तीत निघाल्यासारख्या.

“मास्तर, अरबीचं दार इकून आहे.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“ह्या वहीवाली पोरगी चार दिवसांपासून शाळेत नाही. बापानं तुमची लाल शाई वाचली, सही करून वही तेवढी धाडून देली. म्हणे, पढाचंच नसन तं घरी बस.”

“पण तिनं सांगितलं असेल ना, गृहपाठ केलाय म्हणून?”

“सांगतलं तिनं. बाप म्हणे, मास्तर खोटं लिहीन काय?”

त्या एका वाक्यानं माझ्या पायाखालची फरशी सरकली. हे काही मी वाढवून सांगत नाही.

उस्तादांची शिकवायची तऱ्हाच निराळी होती. बाजारातल्या गाइडांना त्यांच्या वर्गात बंदी. “पाच वाक्यं लिहा. सहावं खोटं निघते,” हे दिवसातून शंभरदा. एकदा एका पठ्ठ्यानं गाइडातून उतरवलं, माझ्या घरासमोर सुंदर बाग आहे. उस्ताद अख्खा वर्ग घेऊन भर उन्हात बाग बघायला त्याच्या दारी. तिथं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा ढीग आणि ढिगावर बकरी. “बकरी लिही बे!” उस्ताद गरजले. त्यानं लिहिली. बकरीनं म्हणे मान हलवून दुजोरा दिला.

उस्ताद जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या मराठीच्या वर्गात आजही कुणी ‘माझा आवडता ऋतू’ घोकत नाही. जे पाहिलं तेच लिहितात. लोक मला चांगला मास्तर म्हणतात. मी ऐकून घेतो, आणि मनातल्या मनात तो मान ज्याचा त्याला पोचता करतो.

तर वह्यांवरून ओरडले त्याच दिवशी, शनिवारी, शाळा सुटल्यावर उस्तादांनी मला त्या पोरीच्या घरी नेलं. वाटेत एवढंच म्हणाले, “तुम्हीच बोला.”

बाप जिनिंगवरून नुकताच आलेला. भुवयांवरसुद्धा कापूस. दाराआड ओढणीचं टोक दिसत होतं.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “मी वही उलटी उघडली. तुमच्या मुलीनं गृहपाठ केला होता.”

बापानं मला खालून वरपर्यंत पाहिलं. “मास्तर हाव ना तुम्ही?”

“हो.”

“अन् वही कोन्या बाजूनं उघडते, मालूम नाही?”

“नव्हतं माहीत.”

“तं मंग काय लिवलं होतं तिनं?”

उस्तादांनी वही काढली. एकेक वाक्य आधी अरबीत वाचलं, मग आपल्या बोलीत सांगितलं. मालगाडी हाकलणारा तो आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

“माहे वडील जिनिंगवर काम करतात. सांजच्याले ते पांढरे होऊन घरी येतात. आई त्याहीच्या केसातला कापूस काढते. हात धुतल्याबिगर ते माह्या वहीले हात लावत नाहीत. ते रोज अरबी वाचतात, पन त्याहीले अर्थ कळत नाही, अन् तो मी शिकून सांगीन.”

बाप उठला, रांजणापाशी गेला, हात धुतले, सदऱ्याला पुसले. मग वही घेतली आणि उजवीकडून उघडली. त्या पाच ओळींवरून त्याचं बोट सावकाश फिरत राहिलं. वाचता येत होतं त्याला. दाराआडचं ओढणीचं टोक हलायचं थांबलं होतं.

माझा धीर सुटला. म्हणालो, “भाऊ, मग उद्या पाठवता ना तिला शाळेत?”

त्यानं वहीतून मान वर केली नाही.

“उद्या तं इतवार आहे.”