चाचांचा वॉलरस

चाचांइतका हट्टी माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल. मूळचे रत्नागिरीकडचे, कतारमधल्या मेसईदच्या कारखान्यात गॅस्केट, म्हणजे पाइपांच्या सांध्यात बसवायच्या रबरी चकत्या, कापणारे, माझे खोलीतले सोबती. दोन हजार सालच्या आसपास एका कॅनेडियन इंजिनिअरसाहेबाने त्यांना उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांच्या छापचित्रांचं पुस्तक दिलं आणि आमच्या खोलीत बर्फातली जनावरं शिरली. बाहेर अंगाची लाही, आत चाचा गॅस्केटच्या रबरावर घुबडं, सील, अस्वलं कोरत बसलेले. यातलं एकही त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण अडायचं नाही. पुस्तकातला वॉलरस, म्हणजे तो सुळेवाला समुद्री प्राणी, पोटापर्यंत पाण्यात होता. चाचांनी त्याला म्हशीचे चार पाय दिले. मी हसलो तर म्हणाले, "पाण्यात दिसत नाय म्हणून काय त्याला पाय नसतील?"

साहेब कायमचा परत निघाला, तेव्हा हाच वॉलरस त्याला द्यायचं ठरलं. त्या इन्युइट लोकांचा रिवाज असा, की छाप किती काढायचे ते आधी ठरवायचं आणि तेवढे निघाले की ठसा मोडून टाकायचा. "दोस्त एक, तर छाप पण एक," म्हणत चाचांनी वाटीच्या बुडाने कागद घासून छाप काढला आणि लगेच ठशावर सुरीने फुली मारून मोकळे! मी कपाळाला हात लावला. ऑगस्टच्या दमट हवेत शाई सुकायचं नाव घेईना, आणि साहेबाला विमानतळावर गाठायला दोह्याची बस तासाभरात. एसी सोळावर ठेवून आम्ही दोघं ब्लँकेट पांघरून त्या कागदापुढे बसलो. दर दोन मिनिटांनी चाचा म्हणत, "हात लावू नको हां!" मला धीर कुठला? बसचा हॉर्न वाजला, तसा सुकलं का बघायला मी वॉलरसच्या एका पायावर अंगठा टेकवला आणि घाबरून उचलताना तोच चित्रातल्या खालच्या कोऱ्या बर्फावर टेकला. लख्ख उमटला. चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते दोह्यापर्यंत कागद मांडीवर आडवा धरून बसले.

विमानतळावर साहेबाने चित्र पाहिलं, पाय बघून हसला, मग त्या अंगठ्यावर बोट ठेवून थांबला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचा मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या पुस्तकात दोन शिक्के असतात ना? एक कोरणाऱ्याचा, एक छापणाऱ्याचा. कोरणारा मी. छापणारा हा." साहेबाने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. मी शरमेने लाल.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "चाचा, खोटं कशाला बोललात?"

"खोटं कसलं? यल्ला, चल, सरक तिकडं."

त्या वॉलरसचा एकही छाप त्यांच्याजवळ उरला नाही. कॅनडातल्या कुठल्याशा भिंतीवर त्यांची सहा महिन्यांची मेहनत आणि माझी चूक अजून शेजारी शेजारी असतील. माझ्या चुका पुढे पुष्कळांनी मोजल्या. आपल्या कामाशेजारी माझ्या चुकीला जागा देणारा माणूस पुन्हा भेटला नाही.