मेडरूममधली अंबाडी

"दार बंद कर. आधी ते दार बंद कर," समोरच्या फ्लॅटमधले भाऊ ओरडत होते, आणि दार तर त्यांनीच उघडं धरून ठेवलं होतं. "खलास. संपलो आपण. तू, मी, वहिनी, हा अख्खा मजला आत जाणार."

भाऊ मूळचे सांगलीचे. इथे शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये त्यांचा मसाल्यांचा धंदा आहे, आणि आवाज असा की ते आमच्या रोल्लात शिंकले तर शेजारच्या अजमानमधली माणसं खिडक्या लावून घेतात. त्या शनिवारी दुपारी त्यांच्याकडचं पाणी गेलं होतं, म्हणून ते आमच्याकडे हात धुवायला आले. आता त्यांचा फ्लॅट म्हणजे आमच्या फ्लॅटची आरशातली प्रत. त्यांच्याकडे जिथे बाथरूम, तिथे आमच्याकडे मेडरूम. सवयीने त्यांनी दार उघडलं आणि आतला जांभळा उजेड त्यांच्या अंगावर कोसळला.

मेडरूम म्हणजे आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मोलकरणीसाठी बांधलेली, खिडकी नसलेली खोली. मोलकरीण ठेवायची आमची ऐपत नसल्यामुळे तिथे वर्षानुवर्षं बॅगा राहायच्या. आता बॅगा आमच्या पलंगावर आणि मेडरूममध्ये शेती. भिंतींना चकाकती चंदेरी चादर (मी एसी डक्टिंगच्या कंपनीत आहे, असल्या चादरीचे तुकडे आमच्याकडे केरात जातात), छताला एलईडी पॅनल, कोपऱ्यात घुमणारा पंखा. खाली बादल्यांतून झाडं, फांद्या सुतळीने चारी बाजूंना ताणून बांधलेल्या. आणि त्या फांद्यांवर, दिव्याकडे हात केलेली, करवती कडांची, पाच-पाच बोटांची पानं.

"ही पानं मी टीशर्टवर बघितलीत," भाऊ म्हणाले. "ज्या पोरांच्या अंगावर बघितली, त्यांना मी नोकरीवर ठेवत नाही. आणि तू शारजात, माझ्या दारासमोर, गांजा लावतोस?"

तेवढ्यात माझी मुलगी कानातले इअरफोन काढून खोलीबाहेर आली. "आय टोल्ड यू, बाबा. इट लुक्स लिटरली लाइक वीड." एवढं बोलून ती परत आत गेली. बापाच्या बचावाला तिच्याकडून एवढंच.

"अहो, अंबाडी आहे ती," मी म्हणालो.

"गांजावाले सगळे असंच काहीतरी म्हणतात."

यात भाऊंची चूक नव्हती. या देशात त्या पानाचं चित्र असलेला रुमाल खिशात ठेवायचीही माझी छाती नाही. पण ही शेती का सुरू झाली ते ऐकलं, तर तुम्ही माझ्या बाजूने व्हाल.

सासरे गेले आणि लातूरच्या घरात सासूबाई एकट्या राहिल्या. संध्याकाळी त्यांचा फोन लागला नाही की माझी बायको गॅससमोर नुसती उभी राहायची; आमटी उतू जायची तरी तिला दिसायची नाही. दुबईत ऊद मेथाच्या शाळेत दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळायची आणि शारजाच्या ट्रॅफिकमध्ये बसून आईला फोन लावत राहायचं, असं तिचं चाललं होतं. शेवटी तिने आईला इकडे आणलं. कायमचं. म्हणजे बायकोच्या मते कायमचं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांचं मत त्यांनी आठवड्याभरात सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं. "तोंडाला चव नाही. माझं तिकीट काढा."

आम्ही काय काय आणलं नाही. भेंडी ओमानची, वांगी भारतातली, आंबे तर असे की विमानानेही वास घेण्यासाठी एक चक्कर जास्त मारली असेल. सासूबाई दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मग एकदा नुसतं बोलून गेल्या, "अंबाडीची भाजी असती तर गोष्ट वेगळी." मी त्याच संध्याकाळी रोल्लातल्या तेलुगू दुकानातून गोंगुऱ्याच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या अंबाडीच्या, जुड्या आणल्या. त्यांनी लाल देठाचं एक पान चावलं आणि म्हणाल्या, "ही अंबाडीची सावत्र बहीण आहे." मग उठून बॅगेतून कापडाची पुरचुंडी काढली. लातूरचं बी. ते त्यांनी कशासाठी आणलं होतं हे मी विचारलं नाही. मुख्याध्यापकांना कारणं विचारत नाहीत.

बाल्कनीत पेरायचा प्रश्न नव्हता. आमच्या बाल्कनीत जुलैत अंबाडी लावली तर ती उगवायच्या आधीच शिजेल, फोडणी तेवढी वरून द्यायची. म्हणून मेडरूम, म्हणून दिवा. दिवा लावला त्या दिवशी दाराच्या फटीतून जो जांभळा उजेड आला, त्याने खाडीतली दोन गलबतं वाट चुकली असं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे मीच सांगितलं, पण तसं झालं असणारच.

शिकलो मी इंटरनेटवर. थंड देशातला एक दाढीवाला होता, तळघरात उभा राहून हळू आवाजात बोलायचा. झाडाला तो 'माझे टोमॅटो' म्हणायचा आणि प्रत्येक वेळी डोळा मारायचा. मला वाटलं, बिचाऱ्याला डोळ्यांचा त्रास असेल. त्याने सांगितलं, खोली बुटकी असेल तर झाडाला उंच जाऊ द्यायचं नाही. शेंडा खुडायचा, मग बाजूने फांद्या फुटतात, त्या हळूहळू वाकवून बांधायच्या, म्हणजे सगळ्या पानांना सारखा उजेड मिळतो. अंबाडी तर दोरखंडाची जात, मोकळी सोडली तर छत फोडून वरच्या मजल्यावरच्या लेबनीज कुटुंबाच्या दिवाणखान्यात डोकावली असती. दाढीवाल्याने आणखी सांगितलं की अठरा तास दिवा ठेवला तर झाड नुसतं पाल्यावर वाढत राहतं. फुलं हवी असली तर बारा तासांवर आणायचं. मी टायमर अठरावर लावला.

सुरुवातीला सगळं साजूक होतं. खालची पानं गोल, बदामाच्या आकाराची, बाळबोध. सासूबाई रोज वेताचा मोडा टाकून दारात बसायच्या आणि मला सूचना द्यायच्या. "जावईबापू, तो शेंडा नखाने खुडा, कात्री कसली लावता." त्यांना दोन घास जास्त जाऊ लागले. बायको पुन्हा आमटीकडे बघायला लागली. आणि मग फांद्या वर आल्या तशी नवी पानं बोटं काढून आली. अंबाडीची वरची पानं तशीच असतात, हे लातूरला शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शारजात, जांभळ्या उजेडात, चंदेरी भिंतींच्या आत, दाढीवाल्याच्या पद्धतीने ताणून बांधलेली ती बोटं बघून मीसुद्धा एकदा मनात कुलदेवतेचं नाव घेतलं.

तर, भाऊ ओरडत होते. "उपट ते. यल्ला, चल, पिशवीत भर, मी हमरियाला नेऊन मिरच्यांच्या भट्टीत घालतो."

"कोण उपटतंय?" सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला नाही. मुख्याध्यापिकांचा चढत नाही, समोरचा आपोआप उतरतो.

"मावशी, तुम्हाला कळत नाही, हा माणूस तुम्हाला फसवतोय. हा गांजा आहे."

सासूबाईंनी पुढे होऊन एक पान खुडलं. "तोंड उघड."

"मावशी, माझी सोमवारी व्हिसाची मेडिकल आहे. रक्त काढतात."

"उघड म्हणते ना."

पन्नाशीचा, दोन गोडाऊनांचा मालक असलेला माणूस आमच्या बोळात आ करून उभा राहिला. सासूबाईंनी पान जिभेवर ठेवलं. भाऊंनी चावलं. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या नाकाशी येऊन सभा भरवून बसल्या.

"आंबट आहे," ते म्हणाले.

"मग काय, तुझ्या लग्नातली जिलबी लागेल?"

त्या दुपारी पहिली भाजी झाली. पाला उकडून पिळलेला, त्यात कण्या, तूरडाळ, मूठभर दाणे, आणि वरून लसणाची फोडणी अशी की खालच्या कॅफेटेरियातल्या मल्याळी चहावाल्याने मान वर करून बघितलं. सासूबाई भाकरीवर भाकरी घेत होत्या. बायको घास हातात धरून आईकडेच बघत होती. पुरावा नष्ट करायचा म्हणून जेवायला बसलेले भाऊ तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, "पण उद्या मेंटेनन्सचा माणूस आला तर? येईल त्याला चावायला देणार का? याला फूल आणा. भेंडीसारखं पिवळं फूल दिसलं की कुणीही समजेल."

"फूल आलं की बोंडं धरतील," सासूबाई म्हणाल्या. "बी तयार झालं की मी निघते. तिकीट तेव्हाचं काढा."

बायकोच्या हातातला घास ताटात परत गेला.

त्या दिवसापासून मी जगातला सगळ्यात आळशी शेतकरी झालो. भाऊ दर आठवड्याला विचारायचे, "आलं का फूल?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला." बोटंवाली पानं दिसली रे दिसली की खुडून भाजी व्हायची आणि एक डबा समोर जायचा, त्यामुळे भाऊंचा तगादा तोंड भरलेलं असताना यायचा. मेडरूमच्या दारावर त्यांनीच मोठ्या अक्षरांत कागद लावला: हे बाथरूम नाही. आणि आत टायमर अठरावर टकटकत राहिला.

पावसाळा लातुरात येऊन गेला. इकडे हवा जरा निवली, लोक संध्याकाळी पाण्याकाठी कोर्निशवर फिरायला लागले. सासूबाईंनी बिल्डिंगमधल्या चार बायका गोळा करून दुपारची भिशी सुरू केली, भाऊंच्या बायकोला शुद्धलेखन शिकवायला घेतलं. तिकिटाचा विषय मात्र फुलावर अडकलेला.

एका संध्याकाळी मी मेडरूमचं दार उघडलं, तर सासूबाई मोड्यावर लसूण सोलत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "फूल का येत नाही हो हिला?"

मग मी सुरू झालो. म्हटलं, आई, इथलं पाणी समुद्राचं, मशीनमधून गोडं केलेलं, त्याने झाड गोंधळतं. शिवाय बी लातूरचं, त्याला घरची आठवण येते. शिवाय हमरियाकडून येणारा खारा वारा. त्या बंद खोलीत वारा कसा पोचतो हेही मी समजावून सांगितलं. आमच्या ऑफिसातल्या एका इजिप्शियन इंजिनिअरने हे सगळं नाईलच्या काठी डोळ्यांनी पाहिलंय, अशी साक्षही काढली.

गृहपाठ का झाला नाही हे सांगणाऱ्या मुलाचं ऐकतात तसं त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पाकळी सोलून वाटीत टाकली.

"अंबाडीला मोठी रात्र लागते," त्या म्हणाल्या. "दसऱ्याच्या सुमाराला ती फुलते, आणि तुम्ही तिचा दसरा होऊ देत नाही. राहू दे तो दिवा. लसूण संपत आलाय, तेवढा आणा."