एका बटणाचा ठोसा

शाळेत असल्यापासून आम्ही दोघं मित्र एकच फायटिंग गेम खेळत आलो. त्याचे एकामागून एक भाग निघाले, आमची लग्नं झाली, मी हुडकेश्वरला घर बांधलं, तो वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर सुपरवायझर झाला. पण रविवारी दुपारी जेवणं आटोपली की तो माझ्याकडे यायचा आणि आम्ही टीव्हीवर एकमेकांना बदडायचो. जिंकायचा बहुतेक तोच. त्याचा डावा अंगठा असा काही फिरायचा की माझा गडी आडवा झाल्यावरच मला कळायचं.

मग एक दिवस ट्रकचा मागचा फाळका त्याच्या डाव्या हातावर पडला. दवाखान्यात मीच सोबत होतो. हात वाचला, तो अंगठा मात्र कायमचा आखडला. दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा खेळायला येऊ लागला आणि मी जिंकायला लागलो.

त्याच सुमारास गेमचा नवा भाग आला. ज्या ठोशासाठी अंगठा अर्धा गोल फिरवून बटण दाबावं लागे, तो आता नुसत्या एका बटणावर बसत होता. माझं डोकंच फिरलं. कंपनीने गेमची पार माती केली, आमच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीला काही किंमत ठेवली नाही, असं नेटवर तावातावाने लिहिलं. बऱ्याच जणांनी वाहवा केली. मी फुशारलो.

एका रविवारी तो त्या नव्या भागाची डिस्क घेऊन आला. "लावून त पाय," म्हणाला. दहा मिनिटांत त्याने मला दोनदा लोळवलं. मी डिस्क काढून त्याच्या हातात ठेवली.

"हा लेकरायचा खेळ हाय गा. खरे खेळणारे असं नाही खेळत."

"अरे, मले सांगू त दे—"

"काही सांगू नको." आणि मी जुनी डिस्क लावली. तो हसत हसत हरला. पुढचे बरेच रविवार येऊन हरत राहिला. मग ड्युटी आहे, पाहुणे आहेत, असं सांगत यायचा बंद झाला.

त्याच्या अंगठ्याचं मी विसरलो होतो असं नाही. लाज वाटते ती याचीच. जुन्या खेळाची शान वगैरे सगळं थोतांड होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला दर वेळी हरवत होतो आणि ते सुख मला सोडवत नव्हतं. एवढं स्वतःशी कबूल करायला मला वर्ष लागलं.

शेवटी गेल्या रविवारी मीच वाडीला त्याच्या घरी गेलो. टीव्हीवर तोच नवा भाग सुरू होता. त्याने दुसरा कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. मी सवयीने अंगठा अर्धा गोल फिरवून बटण दाबलं आणि ठोसा बरोबर बसला. नव्या भागात ही जुनी पद्धतही चालते, हे मला माहीतच नव्हतं.

"तुह्या कंट्रोलरवर जुनंच लावून ठेवलं," तो म्हणाला. "याच्यात दोन्ही हाय. ज्याले जसं पाहिजे तसं खेळावं."

मी कंट्रोलर खाली ठेवला. म्हटलं, "मले खेळाचं काही नव्हतं गा. मले फक्त जिंकाचं होतं."

"माहीत होतं मले," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "म्हणून त इतके दिवस हराले येत होतो. तू किती खुश दिसे."