पडती काच धरायची नाही

माझा दादा काच कापतो. बावीस वर्षं एकच दुकान आणि एकच टेबल. हिऱ्याची कलम काचेवरून एकदाच फिरवतो, खालून बोटाने टिचकी मारतो आणि काच सरळ रेषेत दोन होते. हात इतका हलका की दुकानात त्याला सगळे ‘लोणी’ म्हणतात. हे नाव ऐकलं की वहिनीला पूर्वी हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं.

राग आम्हा दोघांनाही वडिलांकडून मिळाला. माझ्या वाट्याला आला तो जिभेत, दादाच्या वाट्याला हातात. मी तोंडाने भल्याभल्यांना सोलून काढते, पण त्याने कुणाचं हाड मोडत नाही. हाडांचं मला कळतं, कारण हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालणं हेच माझं काम.

मागच्या वर्षी एका सकाळी वहिनी माझ्याच खोलीत, माझ्याच स्टुलावर येऊन बसली. डावा हात टॉवेलात गुंडाळलेला. मागे दादा, मान खाली घालून. ‘बाथरूममध्ये पाय घसरला,’ असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं होतं. मी एक्स-रे उजेडाला धरला. पडताना माणूस हात टेकतो, मग बहुतेकदा मनगटापाशी मोडतं. हे हाड मधोमध मोडलं होतं, पीळ पडल्यासारखं तिरकं. मी दादाकडे पाहिलं. तो भिंतीवरचा पंखा बघत होता.

‘याला नेलकटर सापडत नव्हतं,’ वहिनी पुटपुटली. ‘मी म्हटलं, तुझ्याच डोक्यावर असेल बघ.’

एवढंच कारण. मी ओल्या पट्ट्या गुंडाळत राहिले. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी बसले, आणि कागदावर ‘पाय घसरला’ तसंच राहू दिलं. भाऊ होता ना माझा. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते. संध्याकाळी मात्र त्याच्या घरी गेले आणि वहिनीला आणि त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीला, आमच्या खारूला, दोन पिशव्यांसकट माझ्याकडे घेऊन आले.

खारू म्हणजे खारुताई. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून हे नाव. आता ती तासन् तास एका जागी बसायची.

तिसऱ्या दिवशी दादा आला आणि दारातच कपाळ चौकटीवर आपटून घ्यायला लागला. ‘मी राक्षस आहे, मला जगायचा हक्क नाही.’ वहिनी धावली. गळ्यात अडकवलेला हात सांभाळत दुसऱ्या हाताने त्याचे डोळे पुसायला लागली. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे दरवेळचंच असणार, हे मला तेव्हा कळलं. आधी हा मोडणार, मग हाच रडणार, आणि जिचं मोडलं तिनेच याला गप्प करायचं.

मी त्याला जिन्यात ओढला. ‘हात तिचा मोडलाय. तुझं रडं तुझ्याजवळ ठेव. ते सुद्धा तिनेच उचलायचं का?’

तो जिन्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, ‘मग मी काय करू? राग येतो तेव्हा मला काही दिसतच नाही गं.’

‘दुकानात काच निसटली तर काय करतोस?’

काचेच्या दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे: पडती काच धरायची नाही. धरायला गेलात की बोटं गेली. दोन्ही हात वर करायचे, दोन पावलं मागे सरायचं आणि काच पडू द्यायची. दादाच्या अंगात हे इतकं मुरलंय की चहाचा कप कलंडला तरी त्याचे हात वर जातात.

‘रागाचं तसंच कर,’ मी म्हणाले. ‘निसटला की मागे हो.’

ही युक्ती माझी. मी तिच्यावर खूश होते, हेही सांगून टाकते.

वहिनीने तिची अट सांगितली. दादाने दर रविवारी दुपारी एक तास माझ्याकडे यायचं. घरी परतायचं की नाही ते खारू ठरवेल. ‘मी दरवेळी माफ करते,’ वहिनी म्हणाली, ‘म्हणून मला विचारू नका.’

दादा रविवारी येऊ लागला. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडेही जायला लागला, तेही स्वतःहून. ‘या आठवड्यात दुकानात दोनदा मागे सरलो,’ असं मला फोनवर सांगायचा, पोरगं मार्क सांगतं तसं. पण खारू त्याच्या तासाला दाराजवळच्या खुर्चीत बसायची, पायात बूट घालून. घरात बूट कशाला, असं मी एकदा विचारलं. ‘पळायला लागलं तर,’ ती म्हणाली, सहज, अभ्यास झाला म्हणावं तशी. असे पाच महिने गेले.

मग तो रविवार आला. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं तावदान तडकलं होतं. दादा नवीन काच मापाने कापून घेऊन आला. जुनी पुट्टी खरवडली, चौकट साफ केली. आणि खारू दाराजवळून उठली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. छोट्या चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, डबी हातात धरून त्याच्याजवळ उभी राहिली, बूट घालूनच. वहिनीने माझा हात घट्ट दाबला.

दादाने काच बसवली. चार चुका ठोकल्या. पाचवी मागितली.

‘बाबा, मी शाळेत बाईंना सांगितलं,’ खारू म्हणाली. ‘आईचा पाय घसरला नव्हता, तू हात पिरगळलास, असं.’

दादाचा हात थांबला. मानेवर लाली चढायला लागली. ती मला लहानपणापासून ठाऊक आहे, वडिलांच्याही मानेवर तशीच चढायची. कानापर्यंत पोचली की संपलं. ती कानापर्यंत पोचली. त्याच्या हातात हातोडी होती. मी उठले, वहिनी उठली, पण आमच्यापैकी कुणीही वेळेत पोचणार नव्हतं.

त्याने हातोडी टाकली. दोन्ही हात वर केले आणि दोन पावलं मागे सरला. जसं शिकवलं होतं, अगदी तसंच.

आणि खारू किंचाळली. डबी फेकून खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. चुका फरशीभर पसरल्या.

बापाचे वर गेलेले हात तिने कधी पाहिले होते आणि त्यानंतर काय झालं होतं, ते तिलाच ठाऊक. आम्हा दोघा शहाण्यांना हे एकदाही सुचलं नव्हतं.

दादा तसाच उभा होता, हात हवेत. आधी त्याला काही कळेना. मग त्याने आपल्याच हातांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता हा डोकं आपटणार, असं मला वाटलं. वहिनी तर निघालीच होती. मी तिचा पदर धरून ठेवला.

दादा अगदी सावकाश खाली बसला. जिथे होता तिथेच, चुकांमध्ये. हात मांड्यांखाली दाबले. त्याची हनुवटी थरथरत होती, पण रडला नाही. ते त्याने गिळलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

‘खरं सांगितलंस,’ तो म्हणाला. ‘बरं केलंस, बाळा.’

मग खारूने कोपराच्या फटीतून पाहिलं.

‘हात वर करू नकोस,’ ती म्हणाली. ‘मला भीती वाटते.’

‘नाही करणार.’

तास संपल्यावर तो निघाला. ‘ये’ असं त्याला कुणी म्हटलं नाही.

दुकानात आता त्याची चेष्टा होते, हे तिथल्या हिशेबनीसाने मला सांगितलं. काच निसटली की सगळ्यांचे हात वर जातात, लोणी मात्र हात पाठीमागे घेऊन मागे सरतो. बावीस वर्षांची सवय मोडायला त्याला बरेच आठवडे लागले. रिकाम्या टेबलापाशी उभा राहून सराव करायचा म्हणे. मालक विचारतो, अरे, वेड लागलं का? दादा पुढची काच टेबलावर घेतो.

वहिनी अजून माझ्याकडेच आहे. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं. दादाला ते मीच फोनवर कळवलं. तो म्हणाला, ‘हं. लिहायलाच हवं होतं.’

परवाच्या रविवारी तो आला, हात गुडघ्यांवर ठेवून बसला. खारू दाराजवळच्या खुर्चीत होती. बोलता बोलता ती वाकली आणि एक बूट काढून खुर्चीखाली ठेवला. दादाने ते पाहिलं. दुसरा बूट तिने काढला नाही. तास संपेपर्यंत तो तिच्या पायातच होता.