दोन मशीनी, एक फाइल

अंजनगाव सुर्जीच्या एका संत्रा ग्रेडिंग केंद्रात आचल सॉफ्टवेअर सांभाळायची. कॅमेऱ्याखालून संत्रा गेला की सॉफ्टवेअर त्याचं माप घेई आणि मोठ्या, मधल्या किंवा बारीक क्रेटमध्ये पाठवी. मालक नितेशनं दुसरी मशीन आणली, तिच्यासोबत माप घेणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. पहिली मशीन मात्र जुन्याच आवृत्तीवर चाले. आचलनं दोन फोल्डर केले आणि प्रत्येक आवृत्तीला तिची वेगळी कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे क्रेटांची मापं लिहिलेली फाइल, दिली.

ट्रायलला बागाईतदार जमले होते. नितेशनं ते फोल्डर पाहिले.

"एका घरात दोन चुली कायले मांडल्या, म्याडम?"

"नवी आवृत्ती फाइल आपल्या पद्धतीनं परत लिहिते. ते जुनीले समजत नाई. एरर बी देत नाई, आपले माप सोडून चुपचाप कंपनीनं आधीच भरलेले माप घेते."

"अमरावतीले डिप्लोमा काय केला, मालकालेच शिकवून राहिली!"

सगळे हसले. नितेशनं एक फाइल उडवली आणि दोन्ही मशीनी दुसरीवर लावल्या. आधी जुनी सुरू केली, मग नवी. दोन्ही बरोबर चालल्या, कारण नवीनं फाइल बदलण्याआधीच जुनीनं ती सुरू होताना वाचून घेतली होती.

"दिसलं? उद्यापासून येऊ नको."

आचलनं केंद्रासमोरच झेरॉक्सचं दुकान टाकलं. परतवाड्यात बरी जागा मिळत होती, पण तिथून नितेशचं फाटक दिसलं नसतं. आता जुनी मशीन पुन्हा सुरू होणार होती ती थेट आंबिया बहाराला, संत्र्यांच्या पुढच्या हंगामात.

"सोड न आता," आई म्हणायची.

"एकट्यात बोलला असता त सोडलं असतं."

बहाराच्या पहिल्याच सकाळी टपोरे संत्रे बारीक क्रेटमध्ये पडू लागले. पुंजाजी बागाईतदाराच्या शिव्या रस्त्यापलीकडे ऐकू येत होत्या. आचलनं खुर्ची उंबऱ्याजवळ ओढली. दुपारी नितेश आला, आवाज खाली.

"चाल न आचल. नोकरी परत देतो."

"नोकरी नाई पायजे. त्या दिवशी जिथं बोलला तिथंच बोल. त्याच लोकाइसमोर."

"लोकं फाडून खातीन मले."

"मंग मी माही झेरॉक्स काढते."

तिनं खरंच काढल्या. समोर आणखी एक गाडी रिकामी झाली. नितेश दारातच उभा होता. शेवटी म्हणाला, "चाल."

क्रेटच्या थप्पीजवळ तो पुटपुटला, "आचल बरोबर होती. चूक माही होती."

"मांगच्याइले ऐकू नाई आलं."

तो पुन्हा बोलला, मोठ्यानं. तेव्हा आचल कॉम्प्युटरवर बसली. तिनं दोन फोल्डर केले, दोन फाइली केल्या आणि मशीनी बंद करून सुरू केल्या. मोठा संत्रा मोठ्यात पडला.

पुंजाजींचा सकाळचा माल मात्र आता हातानं निवडावा लागणार होता. ते जवळ आले. "पोरी, तुले मालूम होतं. मंग सकाळीच काहून नाई आली?"

आचल उठली.

"त्या दिवशी तुमी बी हसले होते, काका."