बेगमची झोप

करीमचाचांनी मला फसवलं. पिशोरहून रिकाम्या हातानं औरंगाबादेत आलेला मी. हमाली केली, मोंढ्यात स्वतःचं धान्याचं दुकान उभं केलं, भल्याभल्यांचे भाव पाडले. आणि मला शेजारच्या गादीवाल्यानं रोज्याच्या नावानं फसवलं.

कापूस नुसता चिमटीत धरून त्यात जुना किती मिसळलाय ते चाचा डोळे मिटून सांगत. भाव करताना मी तापलो की पलीकडून हाक यायची, "सेठ, आवाज नीचे! बेगम सो रही." बेगम ही माझी मांजर. पाळली मी उंदरांसाठी, पण दुपार काढायची चाचांच्या गादीवर.

बारा वर्षांची झाल्यावर बेगम दिवसभर झोपू लागली. मी म्हणालो, "म्हातारी झाली, झोपणारच."

चाचा चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "उमर का बहाना नक्को करो सेठ. पहले शटर वाजलं तरी कान हलवायची, अब थाली बजाओ तो भी नई उठती. थप्पीवर चढत नाय. पानी कित्ता पीती देखो. पाठीचं हाड हाताला लागतंय. ये नींद नई, बीमारी है."

मी वाद घालत राहिलो. त्यांनी तिला टोपलीत घातलं आणि सरळ जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मागून मी. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकलीत, पण वेळेत आणलंत. औषध सुरू झालं, खाणं बदललं. महिन्याभरानं बेगम पुन्हा पोत्यांच्या थप्पीवर दिसली. "देखे?" म्हणत चाचांनी मला आठवडाभर डिवचलं.

पुढच्या रमजानात चाचाच दुकानात दुपारभर झोपू लागले. गिऱ्हाईक उभं राहून परत जाई. संध्याकाळी त्यांचा मुलगा सलीम येऊन दुकान बंद करी.

"चाचा, लई झोपता हो."

"रोजा है सेठ. उपाशी माणूस दुपारी झोपणार नाय तर काय नाचणार?"

मी हसलो. त्या महिन्यात निम्मा बाजार दुपारी पेंगतो. त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला, तोही मला उपासाचाच वाटला. तरी एकदा म्हणालो, दवाखान्यात चला. "ईद के बाद," ते म्हणाले. कुणाचाही पहिला शब्द न मानणाऱ्या मी त्यांचा पहिला शब्द मानला.

ईदला शिरखुर्मा घेऊन सलीम एकटाच आला. चाचा दवाखान्यात भरती होते. चार दिवसांत गेले.

कब्रस्तानातून परतताना सलीम म्हणाला, "काका, अब्बांनी यंदा एकही रोजा धरला नव्हता. डॉक्टरांनीच मना केलं होतं. काळीज कमजोर झालं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाले. सेठ चिल्लाएंगे, दवाखाना सर पे उठा लेंगे."

उचललाच असता! डॉक्टरांशी भांडलो असतो, मोठ्या शहरात नेलं असतं, त्यांना टोपलीत घालून नेलं असतं.

बेगम अजून त्यांच्या गादीवर झोपते. मी मधूनमधून थाळी वाजवतो. तिचा कान हलला की मगच गिऱ्हाइकाकडे वळतो.

सलीम, मांजरीला बोलता येत नव्हतं, तरी तुझ्या बापानं तिचं दुखणं ओळखलं. तुला तर बोलता येत होतं. महिनाभर रोज माझ्या शेजारी येऊन तू गप्प का राहिलास? जवाब दे.